स्क्वॉशमध्ये फटक्याची निवड: आधी लांबी, मग ड्रॉप

स्क्वॉशचे कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद असते. त्याच्या साधारण मधोमध, आडवी शॉर्ट लाइन आणि तिला मिळणारी उभी रेषा जिथे भेटतात, त्या ‘टी’वर जो उभा राहतो, त्याला चारही कोपरे आवाक्यात असतात. त्यामुळे फटका निवडताना गुण मिळेल का, हा विचार नंतर करावा. प्रतिस्पर्ध्याला टी सोडावा लागेल का आणि आपल्याला तिथे परतायला वेळ मिळेल का, हे आधी पाहावे.

या दोन्ही गोष्टी सर्वांत खात्रीने साधणारा फटका म्हणजे बाजूच्या भिंतीलगत सरळ मागच्या कोपऱ्यात जाणारा स्ट्रेट ड्राइव्ह; अशा खोल फटक्यालाच लांबी म्हणतात. समोरच्या भिंतीवर १.७८ मीटर उंचीची सर्व्हिस लाइन असते. तिच्या वर चेंडू मारला, तर त्याचा पहिला टप्पा सर्व्हिस बॉक्सच्या (सर्व्हिससाठी आखलेल्या चौकोनाच्या) मागे आणि दुसरा मागच्या भिंतीच्या पायथ्याशी पडू शकतो. नुसत्या जोराने मारलेला चेंडू मात्र मागच्या भिंतीवरून उसळून परत येतो आणि प्रतिस्पर्ध्याला आयता वेळ देतो, म्हणून ताकदीपेक्षा उंचीवर लक्ष ठेवावे. १९८१ ते १९८६ अशी पाच वर्षांहून अधिक काळ अपराजित राहिलेल्या पाकिस्तानी स्क्वॉशपटू जहांगीर खान यांच्या खेळाचा पायाही अशीच अथक लांबी हा होता.

क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टच्या दुसऱ्या बाजूला जाणारा तिरका फटका, मारताना चेंडू बाजूच्या भिंतीला सर्व्हिस बॉक्सच्या मागच्या कडेजवळ लागेल इतका रुंद हवा, अन्यथा टीवरचा खेळाडू तो व्हॉलीवर, म्हणजे टप्पा पडण्याआधीच, अडवतो. आपण कोपऱ्यात अडकलो असू, तर उंच लॉब मारून सावरायला वेळ घ्यावा. अशा वेळी घाईने मारलेला बोस्ट (आधी बाजूच्या भिंतीला लागून समोरच्या भिंतीकडे जाणारा फटका), प्रतिस्पर्धी टीवर असताना, बहुधा त्याच्याच पथ्यावर पडतो.

ड्रॉपसाठी, म्हणजे चेंडू समोरच्या भिंतीवर खाली हळूच मारून तिथेच जवळ पाडण्यासाठी, चेंडू आपल्या पुढे आणि प्रतिस्पर्धी आपल्या मागे असावा. दूरदर्शनवर दिसणाऱ्या अगदी खालच्या ड्रॉपचे अनुकरण जपून करावे, कारण व्यावसायिक स्पर्धांत टिन (समोरच्या भिंतीच्या तळाची पट्टी, जिला चेंडू लागला की रॅली हरतो) ४३ सेंटीमीटर उंच असते, तर क्लबच्या कोर्टवर ती सहसा ४८ सेंटीमीटर असते. तेवढ्या फरकाने चांगला फटकाही टिनमध्ये जातो.

ही निवड अंगवळणी पडावी म्हणून सरावात एक अट घालून गेम खेळावा: चेंडूचा पहिला टप्पा शॉर्ट लाइनच्या मागेच पडला पाहिजे, आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तिच्या पुढे पडला तरच ड्रॉप किंवा बोस्टची मुभा. चेंडू मागे गेला की मान वळवून प्रतिस्पर्ध्याची रॅकेट पाहण्याची सवयही याच गेममध्ये लावून घ्यावी.