घरी क्लच बदलल्यानंतर लाइनमधली हवा काढण्याची तयारी

क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून गिअरबॉक्स पुन्हा जागेवर चढवला की काम संपल्यासारखे वाटते, आणि हायड्रॉलिक लाइनमधली, म्हणजे पॅडलचा दाब ऑइलमधून क्लचपर्यंत नेणाऱ्या नळीतली, हवा काढणे हे शेवटचे काम हाताशी असेल त्या सामानावर उरकले जाते. मागच्या वेळी मीही ते तसेच उरकायला गेलो, एक गोष्ट राहून गेली आणि जवळजवळ साफ झालेली लाइन पुन्हा हवेने भरली. म्हणून ही यादी. ती गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइलच्या डब्यातली, म्हणजे रिझर्व्हॉयरमधली पातळी. तिचा उल्लेख पुढे वारंवार येईल आणि वाचताना कंटाळा आला तरी तो वगळू नये.

मारुती 800 सारख्या गाडीत क्लच केबलवर चालतो, त्यामुळे तेथे हवा काढण्याचा प्रश्नच नाही. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत मात्र काम सुरू करण्यापूर्वीच एक गोष्ट पाहून ठेवावी: स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर, ज्याला गॅरेजमध्ये क्लचचा लोअर म्हणतात, तो गिअरबॉक्सच्या बाहेर बोल्टने बसवलेला आहे, की बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या, आत रिलीज बेअरिंगसोबत एकाच भागात आहे. बाहेर असेल तर तो सुटा लोंबकळत असताना, आणि आत असेल तर गिअरबॉक्स खाली उतरलेला असताना, क्लचचे पॅडल कोणीही दाबता कामा नये, कारण समोर अडवायला काहीच नसल्याने पिस्टन सिलिंडरबाहेर येतो. घरातले कोणी गंमत म्हणून किंवा गाडी थोडी पुढे घ्यावी म्हणून आत बसते आणि पाय आपोआप पॅडलवर जातो. म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधावी आणि चावी खिशात ठेवावी. आतल्या प्रकारचा नवा सिलिंडर बसवण्यापूर्वी हाताने दाबूनही पाहू नये. कोरडे सील तेवढ्यानेही दुखावू शकते, आणि ते गळू लागले तर उतरवलेला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

आता पातळीविषयी. बऱ्याच गाड्यांत क्लचसाठी वेगळा डबा नसतो; ब्रेकच्याच डब्याच्या कडेला एक छोटी नळी बसवलेली असते आणि तिच्यातून क्लचच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पॅडलला जोडलेल्या आणि लाइनमध्ये ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरला, ऑइल मिळते. ही नळी मुद्दाम वरच्या बाजूला ठेवलेली असते, म्हणजे क्लचची लाइन कुठे गळली तरी डब्यातले सगळे ऑइल निघून जात नाही आणि ब्रेकसाठी खाली साठा उरतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे, पण हवा काढताना तीच फसवते. डब्यावरची किमान पातळीची खूण ब्रेकच्या हिशेबाने असते. ऑइल त्या खुणेच्या वर दिसत असतानाही क्लचच्या नळीचे तोंड उघडे पडलेले असू शकते. डब्यात भरपूर ऑइल आहे असे समजून आपण पॅडल मारत राहतो आणि प्रत्येक दाबाबरोबर वरून नवी हवा लाइनमध्ये ओढली जाते. म्हणून डब्याला प्रथम बाहेरून पुसावे, विजेरी लावून क्लचची नळी कोणत्या उंचीवर आहे ते पाहावे आणि त्या उंचीच्या बोटभर वर रंगीत चिकटपट्टी लावावी. पुढचे सगळे काम त्या पट्टीच्या वरच्या ऑइलवर करायचे आहे. छापील खुणेकडे पाहायचे नाही.

हे किती लवकर बिघडते याचा हिशेबही करून ठेवावा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन साधारण 16 ते 19 मि.मी. व्यासाचा धरला आणि तो सुमारे 30 मि.मी. सरकतो असे मानले, तर पॅडलच्या एका पूर्ण दाबात 6 ते 8.5 मि.ली. ऑइल बाहेर पडते. दहा दाबांत 60 ते 85 मि.ली. गेले, आणि पट्टीच्या वर डब्यात फार मोठी जागा नसते. त्यामुळे दर पाच दाबांनी थांबून डबा भरावा. हाच हिशेब उलट्या बाजूने पाहिला तर हवेचा छोटा बुडबुडाही एवढा त्रास का देतो ते कळते: एका दाबात जेमतेम 6 ते 8 मि.ली. ऑइल सरकत असताना त्यातला एक मि.ली. हवा दाबण्यातच गेला, तर तेवढ्या अंतराने क्लच कमी सुटतो, आणि रिव्हर्स गिअर टाकताना करकर आवाज येऊ लागतो.

ऑइल कोणते, हे डब्याच्या झाकणावर लिहिलेले असते. बहुतेक ठिकाणी डॉट 3 किंवा डॉट 4. डॉट 5 हे सिलिकॉनचे असते, ते यात मिसळू नये, डॉट 5.1 मात्र पहिल्या दोघांच्याच जातीचे आहे. सीलबंद बाटली आणावी आणि ती कामाच्या वेळीच फोडावी. हे ऑइल हवेतली वाफ शोषून घेते. ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो आणि ओलावा शोषल्यावर तो 155 अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे प्रमाणच सांगते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात गेल्या वर्षी फोडलेली बाटली कपाटातून काढून वापरणे म्हणजे ओले ऑइल लाइनमध्ये भरणे होय, आणि डबा सामाईक असल्याने ते ब्रेकच्या साठ्यातही जाते. नळीतून निघालेले ऑइल कितीही स्वच्छ दिसले तरी पुन्हा डब्यात ओतू नये. लाइनच्या कामाला अर्धा लिटर पुरून उरतो. तरीही अर्धा लिटरच आणावा, पाव लिटरवर काटकसर करू नये, कारण बाटली संपत आली की माणूस डबा भरायला कचरतो आणि पातळी तिथेच चुकते.

हत्यारांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जॅक, उचललेली गाडी टेकवायला दोन भक्कम घोड्या, चाकांना लावायला ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये, हे पुन्हा सांगायला लागू नये. निपलच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरपाशी असलेल्या हवा काढण्याच्या छोट्या पोकळ स्क्रूच्या, मापाचा रिंग पाना हवा, फिक्स पाना नको, कारण निपलच्या कडा गोल झाल्या की ते काम तिथेच अडते. निपल जुनाच असेल तर आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा आणि तो रबरावर उडू देऊ नये. निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, पारदर्शक बाटली, मोठी सिरिंज, हातमोजे आणि भरपूर चिंध्या. ब्रेक ऑइल रंग खाते; फेंडरवर जुनी चादर टाकावी आणि शेजारी पाण्याची बादली ठेवावी, म्हणजे सांडलेला थेंब लगेच धुता येतो. भाग पुसायला रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल अजिबात वापरू नये. त्याने सील फुगतात.

मदतीला एक माणूस बहुतेकांना पुरेसा वाटतो. मी दोन सांगेन: एक पॅडलवर आणि दुसरा डब्यापाशी, ज्याच्याकडे पट्टीवर नजर ठेवणे आणि ऑइल भरणे याशिवाय दुसरे काहीही काम नसेल. खाली आडवे पडलेल्याला डबा दिसत नाही आणि पॅडलवर बसलेल्याला बॉनेटमुळे तो दिसूच शकत नाही. दोघेही समजतात की दुसरा पाहतो आहे. दुसरा माणूस नसेलच तर दर पाच दाबांनी स्वतः उठून पाहावे, आळस करू नये.

प्रत्यक्ष कामात डबा काठोकाठ भरून झाकण अलगद ठेवावे. नळीचे एक टोक निपलवर आणि दुसरे बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेले असावे, आणि नळी निपलपासून आधी वर चढून मग बाटलीत उतरेल अशी ठेवावी, म्हणजे बुडबुडे निपलपासून दूर जातात. पॅडल सावकाश तळापर्यंत दाबून ‘दाबले’ असे सांगितल्यावर निपल अर्धा फेरा सैल करावा, प्रवाह थांबताच बंद करावा आणि मगच ‘सोडा’ म्हणावे. निपल उघडा असताना पॅडल वर आले तर बाहेर गेलेले सगळे परत आत येते. सुरुवातीला पॅडल तळालाच पडून राहील, ते हाताने वर ओढावे. दणादण पंप करण्याचा काही उपयोग नाही, त्याने एका बुडबुड्याचे शंभर होतात. पाच दाब झाले की डबा. पट्टी पाहिली का, असे मोठ्याने विचारावे आणि उत्तर ऐकल्याशिवाय सहावा दाब घेऊ नये.

बुडबुडे थांबूनही पॅडल मऊच लागत असेल तर बहुधा हवा निपलपेक्षा वरच्या कोपऱ्यात अडकलेली असते. स्लेव्ह बाहेरचा असेल तर तो बोल्ट काढून, निपल सगळ्यात वर येईल असा धरून, पिस्टन हाताने हळूहळू पूर्ण आत दाबावा; हवा वरच्या डब्यात निघून जाते. आतल्या प्रकारात सिरिंजने निपलमधून ताजे ऑइल वर ढकलावे, हवेला तशीही वरच जायचे असते. या वेळी डबा भरून वाहतो, म्हणून आधी थोडे काढून घ्यावे, पण पट्टीच्या खाली नव्हे. निपलला व्हॅक्यूम पंप लावून ऑइल ओढणाऱ्यांना निपलच्या आट्यांमधून येणारी हवा दिसत राहते आणि ते उगाच तासभर पंप मारतात. शेवटची खात्री पॅडलनेच करावी.

मग निपल बेताने घट्ट, त्यावर रबरी टोपी, डब्यात छापील कमाल खुणेपर्यंत ऑइल, झाकण. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचे पॅडल दाबून पाहावे; डबा एकच असल्याने ते खाली जात असेल तर गाडी हलवू नये. मग हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून, क्लच दाबून काही सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. आवाज आला तर अजून हवा आहे. जोडांवर कोरडी चिंधी फिरवून गळती पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी. पहिले काही शे किलोमीटर चढावर क्लचवर गाडी तोलू नये. वापरलेले ऑइल झाकणाच्या बाटलीत भरून ओळखीच्या गॅरेजला द्यावे, गटारात ओतू नये.