ट्रकच्या टायरचा साइज बदलल्यावर मीटर किती चुकतं, ते कसं मोजावं

गळीत हंगाम तोंडावर आला की सोलापूर जिल्ह्यात ऊस ओढणाऱ्या ट्रकांचे टायर बदलायची लगबग सुरू होते. ९.००-२० (९ इंच रुंद, २० इंची रिमचा) काढून १०.००-२० टाकला की मालक खूश होतो, टायर दणकट आणि गाडी थोडी उंच. पण त्याच दिवसापासून डॅशबोर्डवरचं मीटर कमी दाखवू लागतं आणि महिनाअखेरीस डिझेलच्या हिशेबावरून ड्रायव्हरला बोलणी बसतात. त्याच्यावर संशय घेण्याआधी टायर मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मीटर का चुकतं, ते आधी पाहू. बहुतेक ट्रकांत वेगाचं माप गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर घेतलं जातं. जुन्या गाड्यांत केबल, नव्यांत सेन्सर. शाफ्टचे अमुक फेरे म्हणजे अमुक अंतर, हे गणित कंपनीने मूळ टायर धरून बसवलेलं असतं. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. म्हणून मोठ्या टायरवर वेग आणि किलोमीटर दोन्ही कमी दिसतात, लहान टायरवर जास्त. नुसते पुढचे टायर बदलले तर अशा गाडीत मीटरला काही फरक पडत नाही. माप घ्यायचं ते मागच्या, गाडी ओढणाऱ्या चाकाचं.

पहिलं काम, टायरच्या बाजूवर लिहिलेला साइज वाचा. आकडा मोठा म्हणजे टायर मोठा, असं समजू नका. २९५/९०आर२० मध्ये २९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ९० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि २० हा रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर टायरची पूर्ण उंची सुमारे १०३९ मिमी येते. २९५/८०आर२२.५ ची येते सुमारे १०४३. रिम अडीच इंचांनी मोठी, पण टायरच्या उंचीत फरक जेमतेम चार मिलिमीटर. उलट ९.००-२० आणि १०.००-२० ची रिम दोन्हीकडे २० इंचीच, तरी उंचीत साधारण साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो.

दुसरं काम प्रत्यक्ष मापाचं, आणि माझा भर यावरच आहे. छापील साइजवरून अंदाज येतो, पण वजनाखाली टायर दबतो आणि कंपनीगणिक माप थोडं वेगळं असतं. हवा बरोबर भरा. सपाट सिमेंटच्या जागेवर गाडी उभी करून मागच्या टायरवर आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने खूण करा. गाडी सरळ रेषेत हळू पुढे घ्या, चाकाचे पाच फेरे मोजा आणि खूण पुन्हा खाली आली की थांबवा. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. हेच माप जुने टायर काढण्याआधी घेऊन ठेवलं असेल तर उत्तम. दोन्ही वेळी गाडी रिकामी असावी, किंवा दोन्ही वेळी भरलेली.

समजा जुन्या टायरवर १५.५० मीटर आले आणि नव्यावर १६.०५. नव्या मापाला जुन्याने भागा, उत्तर १.०३५. आता मीटरवर ६० दिसतात तेव्हा पूर्वीच्या हिशेबाने वेग ६२ आहे, आणि ८० दिसतात तेव्हा जवळपास ८३.

हाच आकडा डिझेलला लावून बघा. गाडीचा अॅव्हरेज पूर्वी लिटरला ४ किलोमीटर होता आणि अजूनही तितकाच आहे असं धरू. मीटर १००० किलोमीटर दाखवतं, प्रत्यक्षात गाडी १०३५ धावली. डिझेल लागलं सुमारे २५९ लिटर, मालकाच्या वहीत बसतात २५०. हे नऊ लिटर कुणी काढून विकलेले नाहीत, ते रस्त्यावरच जळाले आहेत. किलोमीटरच्या दराने भाडं असेल तर नुकसान मालकाचंही होतं, आणि ऑइल बदलायची वेळही उशिरा येते.

तिसरं काम, रस्त्यावर पडताळा. पुणे महामार्गावर मोहोळच्या दिशेला सपाट, सरळ रस्ता पुष्कळ आहे. पहाटे गर्दी नसताना वेग एकसारखा ठेवा आणि मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग क्लीनरला वाचायला सांगा. चालवणाऱ्याने मोबाइल हातात घेऊ नये. इथे एक गफलत फार होते. कंपन्या वेगाचा काटा मुळातच खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवेल असा ठेवतात. मोठा टायर टाकल्यावर काटा जीपीएसशी तंतोतंत जुळतो आणि लोक म्हणतात, "मीटर उलट सुधारलं की!" पण किलोमीटरच्या आकड्यात तशी सूट ठेवलेली नसते, तो कमीच पडत राहतो. म्हणून जीपीएसवर २०-३० किलोमीटरचं अंतरही मोजा आणि ओडोमीटरशी, म्हणजे मीटरवरच्या किलोमीटरच्या आकड्याशी, ताडून बघा.

आता दुरुस्ती. फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर माझ्या मते केबिनमध्ये गुणाकाराचा आकडा लिहून चिकटवला तरी भागतं. त्याहून जास्त असेल तर मीटर जुळवूनच घ्या. नव्या गाड्यांत अधिकृत सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप लावून टायरचं नवं माप भरतात. केबलच्या गाडीत गिअरबॉक्सजवळचा मीटरचा छोटा गिअर बदलावा लागतो. मागचे चुकलेले किलोमीटर मात्र दुरुस्त होत नाहीत, म्हणून टायर बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचं रीडिंग वहीत लिहून ठेवा.

स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र, विसरू नका. मालवाहू ट्रकला ८० आणि डंपर-टँकरला ६० ची मर्यादा असते. गव्हर्नरही त्याच सेन्सरवर चालत असेल तर मोठ्या टायरवर तो ८० ऐवजी ८३ ला तोडेल. त्याला स्वतः हात लावू नका, अधिकृत माणसाकडूनच जुळवून घ्या. आणि टायर घेण्याआधीच कंपनीने त्या मॉडेलला कोणते साइज मंजूर केलेत ते बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करता येत नाहीत, पासिंगला अडचण येऊ शकते. शिवाय टायर मोठा झाला की चाकापाशी ओढ कमी पडते. तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी एक गिअर खाली मागते, ते यामुळेच.

नवा टायर झिजत जाईल तसं माप पुन्हा सरकतं. नक्षी १२ मिमी झिजली तर उंची २४ मिमीने घटते, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडी जास्त. तेव्हा टायर अर्धे झिजल्यावर एकदा आणि रिमोल्ड करून (नवी नक्षी चढवून) आणल्यावर एकदा, खडू-टेप घेऊन पाच फेरे परत मोजा.