इंदूरला खायला निघताय? गाडी सांगण्याआधी एवढं पाहून घ्या

पहिली गोष्ट तारीख, आणि ती कॅलेंडरात नाही, वावरात पाहून ठरवायची. आमच्या परतवाडा-अचलपूरकडून इंदूरला निघायचं तर सोयाबीन विकून झालेलं, हरभरा पेरलेला आणि कापसाचा पहिला वेचा घरात आलेला, अशी नोव्हेंबर सरतानाची किंवा डिसेंबरातली फट सगळ्यात बरी. त्याआधी कोणी येणार नाही, आणि उन्हाळ्यात तुपातलं-तळलेलं खाऊन फिरणं अंगावर येतं. शिवाय गराडू, हा तळून खायचा कंद, थंडीतच मिळतो. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू खायचा नसेल तर मग आपलं बसस्टँडवरचं आलुबोंडा-रस्सा काय वाईट आहे?

तारीख धरली की आपल्या फीडरची, म्हणजे शेतपंपाच्या विजेची, थ्री फेजची पाळी पाहा. त्या आठवड्यात लाइन रात्रीची असेल आणि ओलिताला घरी कोणी नसेल, तर माणूस इंदुरात आणि जीव मोटारीत. धारेचं जनावर असेल तर शेजारच्या भाऊला चार दिवस आधी सांगून ठेवा, निघायच्या रात्री नाही. शनिवार-रविवार टाळा, त्या दोन दिवशी सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-बुधवार उत्तम. गुरुवार मात्र बायकांना विचारून. डिसेंबरात मार्गशीर्ष असतो, महालक्ष्मीचे गुरुवार कोणी मोडणार नाही. उपास आलाच तरी अडत नाही, तिथे साबुदाणा खिचडीही मिळते. पण ज्या रात्रीसाठी एवढं जायचं, त्याच रात्री निम्मी गाडी उपाशी ठेवण्यात अर्थ नाही.

आता माणसं. एका प्लेटला चार जण, हे माप धरून चला. आठ जण म्हणजे दोन टोळ्या, एक गाडी, हिशोब सोपा. एकट्याने गेलात तर तीन पदार्थांत पोट भरतं आणि उरलेला बाजार नुसता पाहावा लागतो. टोळीत एक कमी गोड खाणारा आणि एक गोडाचा शौकीन असा मेळ ठेवला की काही टाकून द्यावं लागत नाही. शुगरवाले काकाजी येणार असतील तर येऊ द्या, पण गोळ्यांची पट्टी त्यांच्या खिशात नव्हे, सोबतच्या माणसाकडे. काकाजी जिलबीसमोर गोळी विसरतात आणि गोळीसमोर जिलबी विसरत नाहीत. ओआरएसची पाकिटं, ओवा-पादेलोण आणि पित्ताची गोळी एका पिशवीत. ती पिशवी गाडीत नको, सोबत हवी.

जायला आम्हाला जवळचा रस्ता मेळघाटातून: परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी, मग खंडवा, सनावद, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून बडवाह आणि पुढे घाट चढून इंदूर. खंडव्यापासून पुढे साधारण सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. पहाटे निघा, म्हणजे घाट उजेडात पार होतो. मेळघाटात बराच पट्टा मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे लॉजचा पत्ता-फोन कागदावर लिहून घ्या आणि डिझेल परतवाड्यालाच भरा. नागपूरकडच्यांना रेल्वे आहे. 2023 पासून वंदे भारतही नागपूर-इंदूर धावते, पण ती दुपारी निघून रात्री उशिरा पोहोचते. म्हणजे पहिली रात्र झोपण्यातच जाणार, हे धरून मुक्काम एक दिवस वाढवा.

शिदोरीवरून घरात वाद होईल. माय म्हणेल, वाटेत खायला पुऱ्या-आलूची भाजी देते, धपाटे देते, चिवडा देते. घ्या, नाही म्हणू नका, पण धारणीच्या पुढे पुरेल एवढी घेऊ नका. सकाळी दहाला खाऊन घ्यायचं आणि नंतर संध्याकाळपर्यंत चहा, पाणी, फार तर एखादं केळं. खंडवा किशोरकुमारचं गाव, तिथली दूध-जिलबी नावाजलेली, त्यामुळे गाडीत कोणीतरी ‘थांबवा, थांबवा’ म्हणणारच. एक प्लेट, आठ चमचे, पुढे चला. आपल्याकडे जेवायला बोलावलं की पोटभर खाऊनच उठायचं असतं, त्या सवयीने इंदूर अर्धंही खाऊन होत नाही. तिथे पंगत नसते. पाच-पाच घास करत चार तास फिरायचं असतं.

‘एवढं जातोच आहे तर उज्जैन करून घेऊ, ओंकारेश्वर करून घेऊ’ हा सूरही निघणार. महाकालाचं दर्शन घाईत उरकायचं नसतं, त्याला वेगळी फेरी काढा. ओंकारेश्वरचा फाटा मात्र मोरटक्क्यालाच आहे, तो परतीच्या वाटेवर ठेवा. जाताना ठेवलात तर रांगेत संध्याकाळ जाते आणि इंदुरात शिरताना सगळे दमलेले असतात.

मुक्काम छोटी ग्वालटोलीकडे बघा. रेल्वे स्टेशन आणि सरवटे बसस्टँड तिथेच, त्यामुळे लॉज भरपूर. प्रत्येकाचं मूळ आधारकार्ड घ्या, मोबाइलमधल्या फोटोवर प्रत्येक लॉज चालवून घेईल असं नाही. गाडी लॉजवरच लावा. राजवाडा आणि सराफा तिथून लांब नाही, आणि त्या जुन्या गल्ल्यांत क्रूझर घालणं म्हणजे ड्रायव्हरला शिक्षा. ऑटो करा. ड्रायव्हरलाही सोबत खायला न्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायला सांगू नका. रात्री एकपर्यंत जागलेल्या माणसाच्या हाती घाटातलं स्टिअरिंग द्यायचं नाही, याबाबतीत तरी गावातल्या पोट्ट्यांचं ऐकू नका.

पैशाचं काम दोघांकडे. निघायच्या आधीच वर्गणी गोळा करा, एक जण स्कॅन करेल, दुसऱ्याकडे शे-पन्नासच्या सुट्या नोटा. गाड्यासमोर उभं राहून ‘मी देतो, नाही मी देतो’ केलं तर मागचे चार जण ओरडतात.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, खाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. इंदूर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं राहिलं, ते थुंकणाऱ्यांना सूट देऊन नाही. रस्त्यावर पिचकारी मारली तर दंड बसतो. दंडाचं एक वेळ सोडा, पण खऱ्ऱ्याने जीभ बधिर झाली की भुट्ट्याचा कीस काय आणि उकडलेलं पीठ काय, सारखंच. पुड्या घरी ठेवता येत नसतील तर निदान संध्याकाळी सहानंतर खिशाला हात लावू नका. द्रोण-चमचे डस्टबिनमध्येच टाका. प्रत्येक गाड्यापाशी डबा असतो.

आता सराफा. राजवाड्याच्या मागे हा सोन्या-चांदीचा बाजार. दिवसभर दागिने विकले जातात, रात्री दुकानांची शटर पडली की त्याच ओट्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर कढया चढतात. नऊपर्यंत जम बसतो, दहा ते बारा खरी गर्दी, पुढे दोनपर्यंत चालतं. नऊच्या सुमारास पोहोचा, म्हणजे निवांत खाता येतं. त्याआधी राजवाडा बाहेरून पाहून घ्या. होळकरांचा सात मजली वाडा आहे, समोर उभं राहिलं की मराठी माणसाला या गावात परकं वाटत नाही. मटण-अंडं सराफ्यात शोधू नका, इथे सगळं शाकाहारी.

सुरुवात तिखटाने करा. आधी भुट्ट्याचा कीस: कोवळं कणीस किसून तुपात परततात, दूध घालून शिजवतात, वरून मसाला, लिंबू, खोबरं, सांभार म्हणजे कोथिंबीर. मका आपल्या वावरातही होतो, पण आपण तो भाजण्यापलीकडे फारसा गेलो नाही, म्हणून हा घास नीट लक्ष देऊन खा. बायकांनी तर कढईपाशी उभं राहून पाहावं, घरी करता येण्यासारखा आहे. नंतर विजय चाट हाउसचे खोपरा पॅटिस, आत ओल्या खोबऱ्याचं सारण. मग गराडू. हा कंद तळून ठेवलेला असतो, मागितला की फोडी पुन्हा कढईत जातात, वरून कुरकुरीत होतात, आत मऊच राहतात, आणि त्यावर मसाला भुरभुरून लिंबू पिळतात. द्रोण हातात आल्याबरोबर खायचा. फोटो काढत बसलात तर निम्मी मजा गेली.

दहीवडा जोशींकडे. इथे रांगेत उभं राहण्याची तयारी ठेवा आणि दुकानाच्या पुढ्यातली जागा धरा, कारण पाहायचं ते समोरूनच दिसतं. वड्यावर दही घातलेला द्रोण ते वर हवेत भिरकावतात आणि पुन्हा झेलतात, थेंब सांडत नाही. पण माझं लक्ष त्यापेक्षा बोटांवर असतं. वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत धरतात आणि एकेक करून सोडतात: आधी एक रंग पडतो, मग दुसरा, मग तिसरा, एकमेकांत न मिसळता. आपल्याकडे पेरणीत तिफणीवर मूठ धरणाऱ्या बाईच्या हाताला असा हिशोब असतो. वडा मात्र गोडसर दह्याचा आहे. वऱ्हाडी जिभेला पहिल्या घासाला ‘हे काय बावा’ वाटेल, दुसऱ्या घासापर्यंत थांबा.

तिखटाचं एकूणच सांगून ठेवतो. इंदूरचं खाणं आंबट-गोड वळणाचं आहे. आपल्या रश्श्यासारखा तर्रीचा थर कुठेही तरंगताना दिसणार नाही. म्हणून कोणी पिशवीत ठेच्याची डबी टाकत असेल तर टाकू द्या, पण ती लॉजवर राहू द्या. दहीवड्यावर ठेचा घालून खाणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

गोडाला शेवटी या, आणि निवडून खा. जलेबा म्हणून एक भलीमोठी जिलबी मिळते, एकच घेऊन सगळ्यांनी मोडून खायची. रबडी, मालपुवा, मूगाचा हलवा यातलं एकच. मेळघाटातल्या गवळ्यांकडचा खवा ज्यांनी खाल्ला आहे त्यांनी मावाबाटी चाखून बघावी, आतलं सारण आणि बाहेरचा मावा दोन्ही जड आहेत. शिकंजी मागितलीत तर लिंबू सरबत येणार नाही, आटवलेल्या दुधाचं केशर-मेव्याचं दाट पेय येईल, तेव्हा तहान भागवायला ती घेऊ नका. पाण्याची बाटली हातात असू द्या. मोमो, चायनीज, पिझ्झा दिसले तर पुढे चला, ते आता अमरावतीतही आहेत.

सकाळी लवकर उठवणं जड जाईल, पण पोहे ताजे सकाळचेच. परातीतले पोहे खालच्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर गरम राहतात, मऊ, जरा गोडसर, बडीशेप घातलेले. वरून शेव, बुंदी, कांदा आणि जिरावण हा मसाला, सोबत जिलबी. पोहे आणि जिलबी एकाच घासात घ्यायची, वेगवेगळी खाल्ली तर दोन साधे पदार्थ खाल्ल्यासारखं होतं. ‘तर्री कुठाय?’ असं ज्याला विचारावंसं वाटेल त्याने उसळ-पोहे मिळणारा गाडा शोधावा, तिथे जीव रमेल.

दुपारी दाल-बाफले. हे बसून, ताटात खायचं जेवण. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे आणि पानगे भाजणाऱ्या माणसांना त्यात नवल वाटणार नाही, पण उकडल्याने आतून जो मऊपणा येतो तो आपल्या रोडग्यात नसतो. पैज लावू नका. दोन बाफल्यांत भला गडी आडवा होतो. त्यानंतर लॉजवर जाऊन झोपा.

संध्याकाळी छप्पन दुकान, न्यू पलासियाला. रस्ता आता सजवलेला, बसायला जागा, गाड्यांना बंदी, त्यामुळे म्हातारी माणसं आणि लेकरं असतील तर इथे सराफ्यापेक्षा सोयीचं. जॉनी हॉट डॉगला टोस्ट केलेला बन मिळतो. अंड्याचाही असतो, तेव्हा माळकरी मंडळींसाठी मागताना आधी विचारून घ्या. मला विचाराल तर वेळ कमी असेल तर छप्पन सोडा, दुसरी रात्रही सराफ्यातच घालवा. पहिल्या रात्री राहिलेलं तेव्हा निवांत होतं.

परतताना घ्यायचं ते दोनच: शेव आणि जिरावण. लवंगी शेव आधी थोडी चाखा, तेल खवट लागलं तर दुसरं दुकान. जिरावण पाव किलोच्या वर घेऊ नका, पाकिट फोडलं की वास उडायला लागतो, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. मिठाई न्यायचीच असेल तर सुक्या मेव्याची न्या. मावाबाटीचा रस्ता खंडव्यापर्यंतही नीट जात नाही. आणि निघायच्या आधी घरी फोन करून सांगा की रात्री भाजी-भाकर टाका, साधी, वांग्याची चालेल. गाडीतल्या कोणालाच त्या दिवशी दुसरं काही मागायचं नसतं.