संविधानाची तत्त्वं गावातच कशी तपासायची

संविधान म्हटलं की आपल्याकडे 26 जानेवारीला शाळेत उद्देशिका वाचतात, खाऊ वाटतात, संपलं. पण ते वापरायचं असेल तर पाठांतराची काही गरज नाही. घरात आलेला एखादा सरकारी कागद घ्या, हायवेच्या भूसंपादनाची नोटीस सगळ्यात बेस्ट.

नोटीस हातात आली की आधी रक्कम बघू नका (सगळे तेच बघतात). वरती ज्याअर्थी-त्याअर्थी करत जे लांबलचक वाक्य जातं ना, जे कोणीच वाचत नाही, तिथे लिहिलेलं असतं कुठला कायदा, कुठलं कलम, अधिकार कोणाला. संविधानाचं कलम 300अ सांगतं की कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, म्हणजे साहेब कितीही मोठा असो, त्याला कलम दाखवावंच लागतं, कायद्याचं राज्य म्हणतात ते हेच. शिवाय कायदा कळला की मुदत कळते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 असेल तर अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला 21 दिवस, 2013 चा भूसंपादन कायदा असेल तर 60. चाकरमानी गणपतीत येऊन पाकीट उघडतो तोवर सगळं आटपलेलं असतं, म्हणून घरच्यांना सांगून ठेवा, कागद आला की लगेच फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. आणि कोणी म्हणालं "वरून आदेश आहे" तर भांडत बसू नका, साहेब लेखी द्या, एवढंच म्हणा.

मग बघायचं, काम कोणाचं आहे. कोकण रेल्वेचा थांबा पाहिजे तर रेल्वे केंद्राची, खासदाराला गाठा. मासेमारी राज्याच्या यादीत, पण ती 12 सागरी मैलांपर्यंतच, त्यापलीकडचा समुद्र केंद्राचा, त्यामुळे पर्ससीनवाल्यांची (मोठं घेराचं जाळं टाकून मासे पकडणाऱ्या बोटी) तक्रार करताना बोट कुठे होती ते आधी लिहा. आमदार कायदे करतो, सातबाऱ्यावरचा फेरफार मंजूर करत नाही, तो मंडळ अधिकारी करतो आणि त्याच्याविरुद्ध अपील प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी). अधिकारांची विभागणी बिभागणी जे म्हणतात ते व्यवहारात असं दिसतं.

आता खरा अवघड भाग, बहुमत. आपल्याकडे गावकीची बैठक बसली की "सगळ्यांनी ठरवलंय" म्हटल्यावर विषय मिटला असं मानतात. नाही मिटत. सगळ्यांनी हात वर केले तरी एखाद्या घराला वाळीत टाकता येत नाही, विहिरीवर अडवता येत नाही. कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांचा चक्क उल्लेख आहे. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला, 1927 च्या सत्याग्रहानंतर तोच ठराव मागे घेतला, आणि शेवटी 1937 मध्ये हायकोर्टाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने. ठराव काय, आज होतो उद्या फिरतो. म्हणून तर हक्क मतदानाच्या बाहेर ठेवलेत! आज वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा 2016 चा कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाळीत टाकलेल्याने पंचांच्या पाया पडायला जाऊ नये, पोलीस स्टेशनला जावं असं माझं स्पष्ट मत आहे, गावात राहायचंय वगैरे सगळं समजतं मला, तरीही.

संसदेचं बहुमत पण असंच बांधलेलं आहे. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या 13 न्यायाधीशांनी 7 विरुद्ध 6 ने ठरवलं की घटनादुरुस्ती करा पण मूळ चौकट मोडायची नाही. (बरोबर 20 वर्षांनी त्याच तारखेला पंचायत राजची 73वी दुरुस्ती लागू झाली, निव्वळ योगायोग.)

त्या दुरुस्तीमुळे ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली, तेव्हा जात जा. खर्चाचा हिशोब मागा, तिथे टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अर्ज असो की हरकत, दोन प्रती न्यायच्या, एक तिथे द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. क्लार्क "नंतर या" म्हणाला तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.