झुरळं जातच नाहीत? औषध बदलण्याआधी या चुका टाळा

खानदेशात पारा चाळिशीच्या पुढे गेला की रात्री मोरीतला दिवा लावताच भिंतीवर ते दिसतं. लालसर तपकिरी, चकचकीत, लांब मिशांचं. उकाडा फार असला तर उडून अंगावरही येतं. दुसऱ्या दिवशी आपण दुकानातून स्प्रे आणतो आणि ओट्याखाली मारतो. पहिली चूक तीच. मोरीतलं झुरळ आणि ओट्याखालचं झुरळ बहुतेक वेळा एक नसतं.

मोरीतलं मोठं ते अमेरिकन झुरळ, शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. त्यातलं ‘अमेरिकाना’ हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलं, पण त्याचं मूळ आफ्रिकेत आहे. लांबी साधारण ३५ ते ४० मिलिमीटर, डोक्यामागच्या ढालीवर पिवळसर कडा. ओट्याखालचं छोटं ते जर्मन झुरळ. ते १३ ते १६ मिलिमीटरचं असतं आणि त्याच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतात. रुपयाच्या नाण्यावर मावेल ते छोटं, नाण्याबाहेर जाईल ते मोठं. छोट्याला मोठ्याचं पिल्लू समजू नका. मोठ्याच्या पिल्लांना पंखही नसतात आणि त्या दोन रेघाही नसतात. पांढरं झुरळ दिसलं तर ती वेगळी जात नव्हे, त्याने नुकतीच कात टाकलेली असते.

एवढं बारकाईनं का पाहायचं? छोटं झुरळ घरातच राहतं, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरखाली, कपाटाच्या बिजागरीत. मोठ्याचं घर मात्र गटार, चेंबर आणि सेप्टिक टँक. आपल्याकडे ते फक्त येतं. म्हणून त्याच्यासाठी औषधाआधी वाट बंद करावी लागते.

हे मला उशिरा कळलं. मे महिन्यात तीन आठवडे घर बंद ठेवून गावी गेलो होतो. परतलो तर न्हाणीघरात झुरळंच झुरळं. दोनदा फवारणी करून घेतली, पैसे गेले, झुरळं तशीच. शेवटी प्लंबरने जाळी उचलून दाखवलं: नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालची पाणी साचणारी वाटी, कोरडी ठणठणीत. त्या वाटीत साचलेलं पाणीच गटार आणि घर यांच्यामधलं दार असतं. आपल्या उन्हाळ्यात ते पाणी आटतं आणि दार उघडं पडतं. आता गावाहून आल्यावर कुलूप काढलं की आधी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओततो. जायच्या आधी जाळीवर प्लास्टिक ठेवून वर वजन ठेवतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे झुरळांसाठीचं औषधी जेल लावलं त्याच जागी स्प्रे मारणं. जेल हे खाद्य आहे, झुरळानं ते खायला हवं. स्प्रेच्या वासाने ते तिकडे फिरकत नाही आणि दोन्ही औषधं वाया जातात.

आठ दिवस शांतता झाली म्हणून थांबू नका. अमेरिकन झुरळाची मादी राजम्याच्या दाण्यासारखी तपकिरी अंडीपिशवी आडोशाला चिकटवून निघून जाते. आत १६ पर्यंत अंडी असतात, पिल्लं बाहेर यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. फवारा त्या कवचात शिरत नाही. पिशवी दिसली की खरवडून चिरडा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासा.

पाण्याकडे तर आपलं लक्षच नसतं. कूलरची टाकी, भरून ठेवलेल्या ड्रमखालची ओल, भरताच्या जेवणानंतर रात्रभर पडलेली खरकटी भांडी, सगळं त्यांच्या सोयीचं. कूलर धुताना आधी विजेचा प्लग काढा. मोरीत रॉकेल ओतू नका, आगीचा धोका असतो.

घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर नुसतं मारून भागत नाही. मेलेली झुरळं, विष्ठा आणि कात यांनीही दमा उसळतो, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि चेंबरचं फुटकं झाकण मृगाच्या पावसाआधी बदला. पहिल्या जोराच्या सरीत चेंबर तुंबलं की आतली झुरळं कोरडी जागा शोधत वर येतात.