ओटीपी दुसऱ्याच्याच फोनवर जातोय? गावात मोबाईल शिकवताना या चुका टाळा

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या खान्देशात दिलं गेलं. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. त्यानंतर आधार घरोघरी पोचलं, पाठोपाठ फोनही पोचले. तरीही बँकेच्या ओट्यावर म्हातारी माणसं अजून विचारतात, "पैसा उनात का?" (पैसे आले का?) ज्याच्या नावावर पैसे येतात त्यालाच ते कळत नाही, कारण मेसेज भलत्याच फोनवर जातो. सातपुड्यातल्या पाड्यांवर टॉवर हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण रेंज भरपूर असलेल्या गावांतही माणसं मागे राहतात, आणि त्यामागे बरेचदा मदत करणाऱ्यांच्याच चुका असतात. आईवडिलांना, शेजाऱ्यांना, बचत गटातल्या बायकांना फोन शिकवणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

आधारला स्वतःचा नंबर जोडून देणे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. आबांना फोन वापरता येत नाही म्हणून पुतण्या आपला नंबर देतो, किंवा फॉर्म भरणारा दुकानदार स्वतःचा टाकतो. त्या दिवशी काम होतं. पुढे पुतण्या सुरतेला कामाला जातो, आणि पीएम किसानची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करायची वेळ आली की ओटीपी सुरतेत वाजतो. तो शिफ्टमध्ये असतो, फोन बंद असतो, दहा मिनिटांत ओटीपी संपतो. आबा पुन्हा दुसऱ्या दिवशी एसटीने तालुक्याला.

घरात एक साधा बटणाचा फोन असला तरी चालतो. ओटीपीला स्मार्टफोन लागत नाही. त्यात आबांच्या नावाचं सिम घाला, आधार केंद्रावर नेऊन तोच नंबर जोडून घ्या, आणि मग बँकेतही तोच द्या. आधार केंद्रावर माणसाला स्वतः जावं लागतं, म्हणून बाजाराच्या दिवशी जोडून काम काढलेलं बरं.

नंदुरबारच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी अवघड. जुनं सिम गावी पेटीत राहतं आणि तिकडे नवं घेतलं जातं. सलग 90 दिवस सिम अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या आधारचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात. त्यामुळे मुकादमाची उचल घेऊन निघण्याआधी जुनं सिम सोबत घ्या. दोन सिमचा फोन असेल तर दुसऱ्या खाचेत ठेवा, छोटा रिचार्ज करा आणि अधूनमधून त्यावरून एखादा कॉल करा.

"खात्याला आधार दिलंय ना" म्हणून निश्चिंत राहणे

बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे अनुदान त्याच खात्यात येईल, असं नाही. सरकारी पैसा आधारवरून येतो तेव्हा एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत जे एकच खाते त्या आधारला जोडलेलं असतं, तिथे जातो. मध्ये कुणाच्या सांगण्यावरून नवं खातं उघडलं असेल आणि तिथे तशी संमती दिली असेल, तर नोंद बदललेली असते. "हप्ता आला नाही" म्हणणाऱ्या अनेकांचा हप्ता अशा विसरलेल्या खात्यात पडून असतो. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघा, कोणती बँक दिसते ते कळेल. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडण्याचा फॉर्म भरून द्या, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा.

अंगठा घेतला जात नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावणे

कापूस वेचून, विळा धरून बोटांच्या रेषा झिजतात. मशीन अंगठा घेत नाही यात त्या बाईचा काही दोष नाही, तिला ओशाळं वाटू देऊ नका. हात धुवून, कोरडे करून दुसरं बोट लावून बघा. पीएम किसानला चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते.

अंगठ्यावर पैसे काढताना मात्र जपा. "झालं नाही, परत लावा" असं कुणी म्हणालं तर आधी शिल्लक तपासा आणि पावती मागा. व्यवहार फसला, पण खात्यातून रक्कम कापली गेली, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार ती 5 दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. हे मागायला लाजू नये, ही कुणाची मेहरबानी नाही.

फोन हातातून ओढून घेणे

"द्या इकडे, मी करून देतो." हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्यानं माणूस कायमचा आपल्यावर अवलंबून राहतो. फोन मायच्याच हातात राहू द्या, आपण फक्त बोट दाखवा. केंद्राच्या डिजिटल साक्षरता अभियानात घरटी एकालाच 20 तासांचं प्रशिक्षण होतं, आणि तेही मार्च 2024 ला संपलं. घरातल्या बाकीच्यांना शिकवणारं आता आपल्याशिवाय कोण आहे?

शिकवायचं ते घरच्या बोलीत, अहिराणीत, पावरीत, मावचीत. "पर्याय निवडा", "पडताळणी करा" हे शब्द पाठ करायला लावू नका. पडद्यावरचं बटण कुठे असतं, कोणत्या रंगाचं असतं, ते दाखवा. एका बैठकीत एकच काम पुरे: आलेला मेसेज उघडून आकडा वाचणं. ते जमलं की माणसाची भीती निम्मी होते, असा माझा अनुभव आहे.

पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी "पिन टाका, पैसे येतील" म्हणालं की फोन ठेवायचा. तरीही फसवणूक झालीच तर रडत बसण्याआधी, कुणी रागावेल म्हणून लपवण्याआधी, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा. जितका लवकर लावाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. हा आकडा फोनमध्ये नावाने साठवून द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून तो स्वतः दाबून घ्या, पाठ होईपर्यंत.