शाळा सोडताना मित्रांच्या नावे गमतीचं इच्छापत्र कसं लिहावं

अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये बारावीच्या, म्हणजे सीनियर मुलांची एक जुनी रीत आहे. शाळा सोडण्याआधी ती आपलं 'शेवटचं इच्छापत्र' लिहितात आणि मागे राहणाऱ्यांच्या नावे एकेक गोष्ट करून जातात. कुणाला कॅफेटेरियातली खिडकीजवळची खुर्ची, कुणाला बॅन्डरूममधला मोडका स्टँड, कुणाला पहिल्या तासाला उघड्या डोळ्यांनी झोपण्याची कला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इयरबुकांमध्येही, म्हणजे शाळेच्या वार्षिक स्मरणिकांमध्येही, 'क्लास विल'चं (वर्गाच्या इच्छापत्राचं) पान सापडतं, बहुधा वर्गाचा इतिहास आणि वर्गाचं भविष्य यांच्या शेजारी. आजही ही इच्छापत्रं कुठे शाळेच्या वर्तमानपत्राच्या शेवटच्या अंकात छापतात, कुठे इयरबुकात, तर कुठे बॅन्डच्या, नाटकाच्या किंवा टीमच्या निरोपाच्या जेवणात वाचून दाखवतात.

लिहायला हे सोपं वाटतं, म्हणूनच पुष्कळ इच्छापत्रं उरकल्यासारखी होतात. "माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना खूप प्रेम आणि आठवणी" ही ओळ वाचून कुणालाच ती आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि हसवण्याच्या नादात एखाद्याच्या जिव्हारी लागेल असं छापून बसतात. दोन्हींवर माझ्या मते एकच उपाय आहे: देणं स्वतःच्या खिशातलं हवं. जे खरोखर तुमचं होतं, मग ती वस्तू असो, जागा असो, खोड असो की फजिती, तेच दुसऱ्याच्या हाती द्या. दुसऱ्याचं व्यंग गुंडाळून त्यालाच भेट म्हणून देणं हे देणं नव्हे.

आधी जागा आणि तारीख विचारा

शाळेचं वर्ष मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये संपतं, पण शेवटच्या अंकाचा मजकूर त्याच्या कितीतरी आधी गोळा होतो. संपादकाला तीन गोष्टी विचारून ठेवा: शब्दमर्यादा किती, मजकूर कधीपर्यंत द्यायचा आणि नावं पूर्ण छापणार की नुसती आद्याक्षरं. जेवणात वाचायचं असेल तर किती मिनिटं मिळणार ते विचारा. हे ठरल्याशिवाय लिहायला बसू नका, कारण तीस जणांची यादी करून झाल्यावर तिची काटछाट करणं फार जड जातं.

मालमत्तेची यादी करा

कागदावर दोन रकाने पाडा. एकात माणसं, दुसऱ्यात तुमची 'मिळकत'. दोन्ही वेगवेगळे भरा, लगेच जोड्या लावू नका. जोड्या लावत लिहिलं की मनात आधी जवळची चार माणसं येतात आणि यादी तिथेच थांबते.

माणसांच्या रकान्यात जवळच्या मित्रांपलीकडे जा. खालच्या वर्गातला, तुमच्यानंतर तुमचंच वाद्य वाजवणारा मुलगा. पुढच्या वर्षी फ्रेशमन, म्हणजे नववीत, म्हणून येणारी धाकटी बहीण. चार वर्षं बसमध्ये शेजारी बसलेली, पण क्वचितच बोललेली मुलगी. वर्षभर उशिराच्या चिठ्ठ्या देणाऱ्या ऑफिसमधल्या बाई. अशा लोकांना आपल्या नावाची ओळ येईल अशी अपेक्षा नसते, म्हणून ती मिळाली की त्यांना सर्वात जास्त आनंद होतो.

मिळकतीच्या रकान्यात आधी वस्तू लिहा: हुडी, कॅलक्युलेटर, कोपरा उडालेलं गणिताचं पुस्तक. मग जागा: टेबल, पार्किंगमधली जागा, लायब्ररीत वाय-फाय नीट येतं तो कोपरा. मग सवयी, कसब आणि फजित्या. हा शेवटचा ढीग सर्वात श्रीमंत असतो, त्याला भरपूर वेळ द्या. जुने फोटो आणि ग्रुपवरचे मेसेज चाळा. कोणत्या वर्गात कुठे बसत होतात, कोणता जिना टाळत होतात आणि का, हे आठवा. कायद्याच्या हिशेबात यातलं पुष्कळसं तुमचं नाहीच. लॉकर शाळेचं, टेबल शाळेचं, पार्किंगही शाळेचंच. मालकी नसताना इतक्या गंभीरपणे वाटणी करण्यातच मजा आहे.

डुकराच्या पिल्लाकडून शिकण्यासारखं

गमतीच्या इच्छापत्राची कल्पना अमेरिकेपेक्षा खूप जुनी आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातलं एका डुकराच्या पिल्लाचं लॅटिन इच्छापत्र आजही उपलब्ध आहे. स्वयंपाकी त्याला कापायला निघतो, तेव्हा ते तासाभराची मुदत मागतं आणि आपल्या अंगाची वाटणी करतं. चांभारांना राठ केस, वकिलांना आणि बडबड्यांना जीभ, मुलांना मूत्राशय, बहिऱ्यांना कान. सोळाशे वर्षांपूर्वी सेंट जेरोम या ख्रिस्ती विद्वानानं लिहून ठेवलंय की शाळांमधून पोरांच्या झुंडी हे इच्छापत्र खिदळत म्हणतात. त्याला ते पसंत नव्हतं, पण शाळकरी पोरं आणि थट्टेचं इच्छापत्र यांचं नातं किती जुनं आहे ते त्यातून कळतं.

त्या वाटणीकडे नीट बघा. चांभाराला केस का? चामडं शिवताना दोऱ्याच्या टोकाला डुकराचा राठ केस सुईसारखा वापरत. मुलांना मूत्राशय, कारण ते फुगवलं की चेंडू होतो. देणाऱ्याकडे जे आहे ते घेणाऱ्याच्या नेमकं उपयोगी पडतं, म्हणून ओळ जमते. बहिऱ्यांना कान देणारी ओळ मात्र घेणाऱ्याच्या उणिवेवर उभी आहे, आणि आजही सर्वात जास्त इच्छापत्रं याच जागी घसरतात. टक्कल पडू लागलेल्या शिक्षकांना कंगवा, गणितात कच्च्या मुलाला कॅलक्युलेटर, एकट्या बसणाऱ्या मुलीला 'एक मित्र'. अशी ओळ सुचली तर खोडून टाका. त्या माणसाला द्यायला तुमच्या खिशात नक्की दुसरं काही सापडेल.

एक ओळ घासूनपुसून बघू

समजा, केमिस्ट्रीतल्या लॅब पार्टनरसाठी लिहायचंय. पहिला खर्डा बहुधा असा होतो:

"माझ्या लॅब पार्टनरला माझं केमिस्ट्रीचं ज्ञान देतो."

ही ओळ कुणीही कुणालाही लिहू शकतो. स्वतःला विचारा, त्या टेबलावर आपण दोघं नेमकं काय करत होतो? टायट्रेशन करताना, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण टाकून मोजमाप करताना, मी ब्युरेटची (तोटी असलेल्या काचेच्या नळीची) तोटी सोडायचो, तो आकडे लिहायचा. द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं असतं, आणि मी दर वेळी एक थेंब जास्त टाकायचो. हीच तर मिळकत!

"माझ्या लॅब पार्टनरला तो एक थेंब देतो, जो मी प्रत्येक टायट्रेशनमध्ये जास्तीचा टाकला."

बरीच बरी झाली. आता घेणाऱ्यालाही तीत जागा द्या आणि कायदेशीर भाषेचा थोडा ताल चढवा:

"माझ्या लॅब पार्टनरला तो एक थेंब, जो मी प्रत्येक टायट्रेशनमध्ये जास्तीचा टाकला आणि ज्यामुळे आमचं द्रावण चारही तिमाह्यांत भडक गुलाबी राहिलं. सोबत माझी माफी. आणि दर वेळी 'चालतंय' म्हणत नवा फ्लास्क धुऊन आणल्याबद्दल माझे आभार, तहहयात."

इथे हसू देणाऱ्यावर आहे आणि मान घेणाऱ्याला मिळालाय. शेवटच्या वाक्यात एक खरी गोष्टही सांगून झाली: तो मुलगा किती सोशिक होता. ओळीचा शेवट शक्यतो आखूड आणि अनपेक्षित ठेवा. लांब तयारी आणि छोटा धक्का, हा ताल छापील ओळीतही चालतो आणि वाचून दाखवतानाही.

अट घाला

खऱ्या इच्छापत्रात अटी असतात, त्या इथे फार कामी येतात. नुसती जागा दिली तर ओळ सपाट होते, अट आली की तिच्यात गोष्ट येते.

"पार्किंगमधली झाडाखालची जागा माझ्या टेनिस पार्टनरला, या अटीवर की पक्ष्यांबद्दलची कोणतीही तक्रार माझ्यापर्यंत आणायची नाही."

"धाकट्या भावाला माझं लॉकर. कुलपाचा नंबर बरोबर लावला तरी ते उघडत नाही. डाव्या खालच्या कोपऱ्याला गुडघा टेकवून हँडल वर ओढावं. हे रहस्य त्याने शाळा संपेपर्यंत कुणाला सांगू नये आणि जाताना एकाच फ्रेशमनच्या कानात सांगावं."

दुसऱ्या ओळीत भावाला उपयोगी पडेल अशी खरी माहितीही आहे. मला अशा ओळी सर्वात आवडतात. हसून झाल्यावर ऑगस्टमध्ये, शाळा पुन्हा सुरू झाली की, तो खरंच गुडघा टेकवून बघतो.

कायद्याचा साज चढवा

भाषा जितकी गंभीर, तितकी गंमत खुलते. सुरुवात साधारण अशी करता येईल:

"मी, खाली सही करणार सीनियर, चार वर्षं या इमारतीत काढून, पूर्ण शुद्धीत (पहिला तास वगळून), कुणाच्याही दबावाला बळी न पडता, राजीखुशीने हे इच्छापत्र लिहून ठेवते ते असे:"

मग एकेकाच्या नावे वाटणी. शेवटी उरलेल्या मिळकतीचं कलम, जे खऱ्या इच्छापत्रातही असतं: "वर नोंद न झालेली माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत, म्हणजे बॅगेच्या तळाशी जे सापडेल ते, ती बॅग उघडण्याचं धाडस जो करील त्याला." कुणीतरी व्यवस्थापक नेमा, म्हणजे वाटणी नीट पार पाडणारा. वर्गातला सर्वात शिस्तीचा मित्र यासाठी उत्तम. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत खऱ्या इच्छापत्राला दोन साक्षीदार लागतात, तेव्हा तुम्हीही दोन घ्या. एक मित्र आणि दुसरं, चार वर्षं तुमचे पैसे गिळलेलं व्हेंडिंग मशीन.

हा साज सुरुवातीला आणि शेवटी पुरे. प्रत्येक ओळीत "सदरहू" आणि "उपरोक्त" आलं की वाचणारा कंटाळतो.

कुंपण कुठे घालायचं

शरीर, मार्क, घरची परिस्थिती, धर्म, वंश, कुणाचं कुणाशी जमलं किंवा तुटलं, दारू आणि नशा हे सगळं बाहेर. सांकेतिक शब्दांत लपवलेलं असलं तरीही बाहेर. दोघांनाच कळणारा विनोद जरूर ठेवा, पण बाकीच्यांना त्याचा भलताच अर्थ लागत नाही ना, हे तिसऱ्या माणसाला वाचायला देऊन तपासा. छापील पान वीस वर्षांनीही कुणीतरी उघडतं.

शाळेच्या वर्तमानपत्रात छापायचं असेल तर सल्लागार शिक्षक मजकूर बघणारच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली हेझलवूड स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध कुलमायर या खटल्यात ठरवलं की, शाळेने चालवलेल्या वर्तमानपत्रातला मजकूर रास्त शैक्षणिक कारण असेल तर शाळा गाळू शकते. काही राज्यांच्या कायद्यांत विद्यार्थी पत्रकारांना याहून जास्त संरक्षण आहे, पण बदनामीला तिथेही मोकळीक नाही. एका शंकास्पद ओळीपायी सगळं इच्छापत्र अडकू शकतं. शंका असेल तर आधीच शिक्षकांना दाखवा आणि बदली ओळ तयार ठेवा.

याहून मोठी परीक्षा मात्र साधी आहे. ज्याच्या नावे ओळ आहे, तो ती स्वतः मोठ्याने, आपल्या आईसमोर, हसत वाचेल का? उत्तर चटकन 'हो' येत नसेल तर त्यालाच विचारा. 'अचानक गंमत' थोडी कमी झाली तरी चालेल.

शिक्षकांसाठी लिहिताना थट्टेचा हात आणखी हलका ठेवा. "इतिहासाच्या सरांना माझे सगळे 'सर, हे परीक्षेत येणार का?' परत करते. यापुढे ते वर्गात कुणाला तरी वापरायला द्यावेत." इथे सरांची नक्कल नाही, स्वतःचीच सवय आहे.

वगळलेल्यांचा विचार

यादी छापली की लोक आधी स्वतःचं नाव शोधतात. चार जणांच्या टेबलावरच्या तिघांनाच काही मिळालं तर चौथ्याला ते टोचतं. सगळ्यांसाठी वेगळी ओळ जमत नसेल तर गटाला द्या: "दुसऱ्या रांगेतल्या सगळ्या क्लॅरिनेटवाल्यांना माझी सुटी रीड. तुटली असेल तर एकमेकांकडे बघावं, माझ्याकडे नाही." (रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी.)

सगळ्याच ओळी हसवणाऱ्या नसाव्यात. एखाददुसरी सरळ मनापासून लिहा आणि ती शेवटाकडे ठेवा. हसून सैल झालेल्या माणसाला ती लगेच भिडते. पण तीही नेमकी हवी. "तू खूप चांगली मैत्रीण आहेस" याऐवजी "पहिल्या दिवशी मला तुझ्या टेबलावर बसवलंस, ती खुर्ची तुला परत करते. पुढच्या वर्षी तिच्यावर नवीन कुणालातरी बसव."

पाठवण्याआधी

सगळ्या नावांची स्पेलिंग शाळेच्या यादीवरून तपासा. ज्या ओळीत नाव चुकलं, ती वाया गेली. शब्द मोजा आणि जास्त झाले असतील तर विशेषणं काढा, तपशील काढू नका. एक प्रत स्वतःकडे ठेवा. सगळं इच्छापत्र एकदा मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल, तिथलं वाक्य दोन तुकड्यांत मोडा.

जेवणात वाचून दाखवणार असाल तर कागद मोठ्या अक्षरात छापा आणि एका पानावर चार-पाचच ओळी ठेवा. ज्याच्या नावे ओळ आहे त्याच्याकडे बघून वाचा, आणि हशा पूर्ण ओसरेपर्यंत पुढचं नाव घेऊ नका.